नटीला बघून अंतराळवीर व्हायचं म्हणतेय, काय करू?

ताई, पत्र वाचलं. दहावीतली लेक स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेचे जुने एपिसोड बघते, त्यातल्या यानावर संपर्काचं काम बघणाऱ्या उहुरासारखं अंतराळात जायचं म्हणते, घरचे हसतात, आणि तुम्हाला कळत नाहीये की सायन्सला घालायचं की हे खूळ उतरायची वाट बघायची.

आधी ते हसणं थांबवा, मनापासून सांगतोय. उहुराचं काम केलं निशेल निकोल्सनी, 1966 पासून. तेव्हा शिकागोत राहणारी मे जेमिसन नावाची एक लहान मुलगी तिला बघायची, आपल्यासारख्या रंगाची बाई यानात ऑफिसर आहे हे तिला तिथे दिसलं. हीच मे सप्टेंबर 1992 मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळात गेली, अशी जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि तिकडे शिफ्ट सुरू करताना उहुराचाच डायलॉग म्हणायची! निकोल्सही नुसती पडद्यावर राहिली नाही, 1977 मध्ये तिने नासासाठी फिरून फिरून बायकांना आणि कृष्णवर्णीयांना अर्ज करायला लावले, आणि 1978 च्या 35 अंतराळवीरांच्या बॅचमध्ये पहिल्यांदा 6 बायका आल्या.

पण मधली वर्षं लेकीला नीट सांगा. मेने स्टॅनफर्डला केमिकल इंजिनिअरिंग केलं, मग 1981 ला कॉर्नेलहून डॉक्टर झाली, सिएरा लिओन आणि लायबेरियात मेडिकल ऑफिसर म्हणून काम केलं आणि 1987 मध्ये नासात निवड झाली. म्हणजे निवड झाली नसती तरी ती चांगली डॉक्टर होतीच ना. मला तुमच्या लेकीसाठी नेमकं हेच हवंय, स्वप्न अंतराळाचं असू दे पण विषय असा घ्यायचा जो जमिनीवरही तिला आवडेल, कारण अंतराळवीराची नोकरी कॉलेज संपल्यावर थेट मिळत नाही, आधी दुसऱ्या कशात तरी पक्कं व्हावं लागतं.

आता आपल्याकडचं. गगनयान, म्हणजे माणसाला अंतराळात नेण्याची भारताची मोहीम, त्यासाठी निवडलेले चौघंही एअरफोर्सचे पायलट, त्यातले शुभांशू शुक्ला 2025 मध्ये स्पेस स्टेशनवर जाऊन आले, ते एनडीएतून, म्हणजे पुण्याजवळच्या लष्करी अकादमीतून शिकलेले. एनडीए आता मुलींनाही खुलं आहे. यान बनवण्यात रस असेल तर तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी हे अंतराळ तंत्रज्ञानाचं कॉलेज, त्याला जेईई अॅडव्हान्स्ड ही प्रवेश परीक्षा लागते. नासाचं म्हणाल तर तिथे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, हे आत्ताच माहीत असलेलं बरं. अकरावीला फिजिक्स आणि मॅथ्स सोडू नका, बायोलॉजी आवडत असेल तर तेही ठेवा, इंजिनिअरिंग आणि मेडिकल, दोन्ही दारं उघडी राहतील.

आणि क्लास लावायच्या आधी तिला शांतपणे विचारा की उहुराचं नक्की काय आवडतं, विमान-यान उडवणं, ती यंत्रं, का लांबच्या कुणाशी संपर्क साधणं? उत्तर तिलाच लिहून पाठवू दे, त्यावरून पुढचं कॉलेजचं आपण ठरवू.