रोज लांबचा प्रवास असेल तर हायब्रिड गाडी घ्यावी का?

घ्या, पण आधी तुमचा रस्ता कसा आहे ते पाहा. हायब्रिड म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी. तिची खरी कमाई ब्रेक मारताना होते. एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर बॅटरीत परत भरते. त्यामुळे वाटेत सिग्नल, गर्दी, चढ-उतार असतील तर इंधनाची बचत चांगली जाणवते. हायवेवर सलग १०० च्या वेगाने जाणार असाल तर ब्रेक फारसा लागतच नाही, मग फायदा बराच घटतो. थोडा तरीही उरतो, कारण बहुतेक स्ट्राँग हायब्रिडचं (ज्यात मोटर एकटीनेही गाडी ओढू शकते) इंजिन ॲटकिन्सन पद्धतीवर, म्हणजे थोडी ताकद सोडून इंधन वाचवणाऱ्या पद्धतीवर, चालतं आणि ते मुळातच काटकसरी असतं. माइल्ड हायब्रिड हा मात्र वेगळाच प्रकार. त्यातली मोटर सहसा इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही. शोरूममध्ये हे स्पष्ट विचाराच.

देखभालीची भीती नको. ब्रेक पॅड उलट जास्त टिकतात. अनेक मॉडेलमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते. ती सामानाने झाकू नका, वेळोवेळी साफ करा. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कमी होतं. जुनी गाडी घेत असाल तर बॅटरी तपासून घ्या आणि तिची वॉरंटी किती उरली आहे ते कागदावर पाहा.