'डायव्हर्जंट' मालिकेच्या तिसऱ्या भागावर वाचक एवढे नाराज का आहेत? पुतणीला तो वाचू द्यावा का?

पुतणी नववीत आहे, पहिले दोन भाग तिने झपाटल्यासारखे वाचले आणि आता मैत्रिणी तिला तिसऱ्याला हातही लावू नको म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर वाचू द्या. मात्र नाराजीचं कारण सांगायचं तर शेवट फोडावा लागेल, तेव्हा हे उत्तर तिला इतक्यात दाखवू नका.

व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'अलीजंट'वर (२०१३) सगळ्यात मोठा राग आहे तो नायिका मरते म्हणून. माझी तक्रार ती नाही. ट्रिसचं मरण मला पटलं. स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करणाऱ्या अ‍ॅब्निगेशन गटात ती वाढली, पहिल्या भागात तिच्या आईने तिच्यासाठी जीव दिला, आणि तिसऱ्यात ती सख्ख्या भावाच्या जागी स्वतः मरणाच्या दारात जाते, तेही ज्या भावाने तिला दगा दिला होता त्याच्या. ती पानं वाचताना मला रडू आवरलं नाही. पुस्तकाने माझी निराशा केली ती त्याच्या कितीतरी आधी, पात्रं शिकागोच्या बाहेर पडतात तिथे.

पहिला भाग (२०११) आठवून बघा. भविष्यातल्या शिकागो शहराचे पाच गट, प्रत्येकाचा एकेक गुण. सोळाव्या वर्षी चाचणी होते, पण चाचणी काहीही म्हणो, निवड ज्याची त्याने करायची. समारंभात पाच भांडी मांडलेली असतात: करडे दगड, पाणी, माती, काच, पेटते निखारे. तळहातावर सुरी फिरवायची आणि ज्या गटात जायचं त्या भांड्यात रक्ताचा थेंब पाडायचा. ट्रिसचं रक्त निखाऱ्यांवर चरचरतं आणि त्या क्षणी तिचं घर तुटतं. अख्खं शहर एकेका गुणावर चालतं ही कल्पना तर्काला टिकत नाही, हे मलाही दिसत होतं. पण दहावीच्या निकालानंतर सायन्स की कॉमर्स यावरून ज्या घरांत जेवणं अडतात, तिथल्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मी कोण हे चाचणी ठरवणार, आईबाप ठरवणार की मी? एवढा खरा प्रश्न हाती असल्यावर बाकीचे कच्चे दुवे मी आनंदाने माफ केले. दुसऱ्या भागातही (२०१२) तो प्रश्न जिवंत होता.

तिसऱ्यात कळतं की शिकागो हा एक प्रयोग होता. ओ'हेअर विमानतळाच्या जागेवर 'ब्युरो ऑफ जेनेटिक वेल्फेअर' बसलंय आणि पिढ्यान् पिढ्या पडद्यांवरून शहर न्याहाळतंय. पूर्वी सरकारने माणसांच्या जनुकांत ढवळाढवळ केली, त्यातून 'बिघडलेली' माणसं निपजली, आणि डायव्हर्जंट, म्हणजे ट्रिससारखी कुठल्याच एका गटात न बसणारी माणसं, ही ज्यांची जनुकं पुन्हा 'शुद्ध' झाली ती. म्हणजे दोन पुस्तकं आपण जिला ट्रिसचा स्वभाव, तिचा हट्ट, तिची निवड समजत होतो, ते सगळं एका तपासणीच्या कागदावर मावलं. रक्त कुठे पाडायचं हे आधी ती ठरवत होती. आता रक्तच तिला ठरवून मोकळं झालं.

न्यायाने सांगायला हवं की हे शुद्ध-अशुद्ध खोटं आहे अशीच लेखिकेची भूमिका आहे. जनुकांना हात लावण्याआधीही माणसं एकमेकांना मारत होती, हे पात्रांना कळतं. पण ते घाईघाईत कळतं, दोन हल्ल्यांच्या मधे. मला इथे खरोखर वाईट वाटलं, कारण हा विषय अमेरिकेने भोगलेला आहे. सक्तीच्या नसबंदीचा कायदा इंडियाना राज्याने १९०७ मध्येच केला. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीला 'मंदबुद्धी' ठरवून तिच्या नसबंदीला सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये आठ विरुद्ध एक अशी मान्यता दिली. पुढे देशभरात साठ हजारांहून जास्त लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. एवढं सगळं स्वतःच्या देशात घडलेलं असताना लेखिकेने ब्युरोला एक हेकट प्रमुख, थोड्या प्रयोगशाळा आणि भरपूर सीरम (माणसाच्या मनावर परिणाम करणारी रसायनं) एवढ्यावरच सोडून दिलंय.

आणि आपण हे वाचतो तेव्हा आणखी काहीतरी आठवतंच. जातीमुळे रक्त शुद्ध राहतं, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वांशिक नातं ते काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. जन्मावरून माणसाला डागी ठरवणं म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ट्रिसच्या प्रियकराची, टोबायसची गोष्ट जास्त लागते. आपली जनुकं 'बिघडलेली' निघाली हे कळताच हा खंबीर मुलगा आतून कोसळतो आणि भलत्याच लोकांच्या बंडात सामील होतो. शिक्का खोटा असला तरी तो माणसाच्या आत कसा उतरतो, याची उत्तम कादंबरी इथे दडली होती. रॉथ यांनी तिला पुरेशी जागाच दिली नाही.

त्याहून मोठी चूक शेवटी होते. ब्युरो एका सीरमने सगळ्या शिकागोची स्मृती पुसणार असतं, आणि हा घोर अन्याय आहे असं ट्रिस म्हणते. मग तोडगा काय, तर तेच सीरम ब्युरोच्या माणसांवर सोडायचं! त्यांचीही नाती, त्यांचंही आयुष्य पुसलं जाणार, यावर थोडीशी चर्चा होते आणि गाडी पुढे निघते. ट्रिस त्यासाठी जीव देते, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

नवल म्हणजे त्याच वेळी शहरात टोबायस नेमकं उलटं करतो. स्मृती पुसणारी कुपी त्याच्याकडे असते, समोर त्याची आई एव्हलिन असते. तो तिला कुपी पाजत नाही, तिला निवडायला सांगतो: शहरावरची सत्ता की मुलगा. ती मुलाला निवडते. तिसऱ्या भागातला हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग, कारण पहिल्या भागातला प्रश्न पुस्तकाला इथे पुन्हा आठवतो.

बाकी, या भागात ट्रिस आणि टोबायस आळीपाळीने बोलतात आणि कोण बोलतंय हे कळायला प्रकरणाचं नाव बघावं लागतं, ही तक्रारही रास्त आहे. चित्रपटांवर मात्र विसंबू नका. तिसरा २०१६ मध्ये आला आणि ठरलेला चौथा निघालाच नाही, त्यामुळे पडद्यावर ही गोष्ट अर्धीच राहिली.

पुतणीचं वाचून झालं की तिला त्या कुपीबद्दल जरूर विचारा. टोबायसने आईला जी संधी दिली ती ब्युरोच्या लोकांना का मिळाली नाही, यावर तिचं काय म्हणणं आहे ते मला मनापासून ऐकायचंय. जमलं तर इथे लिहा.