'डिसइन्जेन्युअस' म्हणजे नुसतं 'अप्रामाणिक' नव्हे

इंग्रजी 'डिसइन्जेन्युअस' (disingenuous) या शब्दासाठी सरसकट 'अप्रामाणिक' लिहिलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. त्याने शब्दाचा जीवच जातो. पैसे खाणारा कारकून 'डिसऑनेस्ट' असतो, त्याला कोणी 'डिसइन्जेन्युअस' म्हणत नाही. हा शब्द बोलण्याला, युक्तिवादाला, सबबीला लागतो. माणसाला लावला तरी रोख त्याच्या बोलण्यावरच असतो.

यात अप्रामाणिकपणाची एकच जात येते: माहीत असलेलं दडवून भोळेपणाचा आव. आपल्याकडे 'वेड पांघरून पेडगावला जाणे' म्हणतात, ते अगदी हेच. आकडे स्वतःच अडवून ठेवलेला माणूस बैठकीत निरागसपणे विचारतो, "अहवाल अजून कसा आला नाही?" हा प्रश्न डिसइन्जेन्युअस. दोनाच्या चार वस्तू खपल्या आणि जाहिरात म्हणते 'विक्री दुप्पट', तेही तसंच. इथे वाक्य अक्षरशः खरं आहे, म्हणून 'खोटारडं' हे भाषांतरही फसतं. मराठीत 'साळसूदपणाचा आव आणणारा' किंवा 'वरकरणी भोळा' हे जवळचं.

शब्दाची घडण पाहिली की अर्थ पक्का बसतो. लॅटिन 'इन्जेनुउस' (ingenuus) म्हणजे जन्माने स्वतंत्र, दास नसलेला. त्यावरून कुलीन, मोकळ्या मनाचा आणि पुढे निष्कपट, भाबडा. नाटकातल्या भाबड्या तरुणीच्या भूमिकेला 'अँजेन्यू' म्हणतात, तो फ्रेंच शब्द याच घरातला. त्या लॅटिन शब्दातून आलेल्या इंग्रजी 'इन्जेन्युअस'ला (ingenuous, निष्कपट) नकाराचा 'डिस' लागला.

सगळ्यात जास्त घोळ 'इन्जीनिअस'शी (ingenious) होतो. त्याचा अर्थ कल्पक. स्पेलिंगमध्ये दुसऱ्या 'एन'नंतर 'आय' आला तर कल्पक, 'यू' आला तर निष्कपट. उच्चारात आघात 'जेन'वर द्यायचा. गंमत अशी की 'इन्जेन्युइटी' हे नाम मुळात निष्कपटाच्या बाजूचं, पण ते कल्पकतेने पळवलं. म्हणून आपल्या शब्दाचं नाम 'डिसइन्जेन्युअसनेस' असं लांबलचक करावं लागतं.

दुसरी चूक उलट्या दिशेची: 'भाबडा' किंवा 'अनभिज्ञ' या अर्थाने हा शब्द वापरणे. ज्याला खरंच माहीत नाही तो फार तर 'नाइव्ह' किंवा 'मिस्टेकन'. तोंडदेखली स्तुती 'इन्सिन्सिअर'. 'नरो वा कुंजरो वा' छापाचं दुहेरी बोलणं 'इक्विव्होकेशन'. उघड, सराईत खोटेपणाला 'मेंडेशस'.

वापर बहुधा 'इट इज डिसइन्जेन्युअस टू क्लेम दॅट' किंवा 'इट वुड बी डिसइन्जेन्युअस ऑफ मी टू से' या साच्यात होतो. पहिला साचा कार्यालयीन पत्रात जपून वापरा. शब्द सभ्य वाटतो, पण 'तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही लपवलंत' असा थेट आरोप त्यात आहे. समोरच्याला खरोखर ठाऊक होतं हे दाखवता येत नसेल, तर 'मिसलीडिंग' लिहा. तो शब्द विधानाला दोष देतो, हेतूला हात लावत नाही.