ऑइलर्सची सुरुवात वाईट झाली म्हणजे मोसम गेला का?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: एडमंटन ऑइलर्स (एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला कॅनडाचा संघ) ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीला, एवढे का अडखळतात, अशा सुरुवातीनंतर प्लेऑफची आशा सोडायची का, आणि कोच बदलल्याने खरंच काही होतं का. मी एडमंटनमध्येच राहतो आणि हा संघ मनापासून पाहतो. तिन्हींची उत्तरं २०२३-२४ च्या मोसमात सापडतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

११ ऑक्टोबर २०२३, व्हँकूव्हर. पहिलाच सामना आणि ८-१ अशी हार. स्टॅन्ली कपचे, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचे, दावेदार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जात होतं तो हा संघ. दहा दिवसांनी विनिपेगविरुद्ध संघाचा सर्वात मोठा खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड याला दुखापत झाली आणि पुढचे दोन सामने त्याच्याविना खेळावे लागले. दोन्ही हरले. २९ ऑक्टोबरला कॉमनवेल्थ स्टेडियमवर, उघड्या आकाशाखाली, कॅलगरीला ५-२ ने हरवलं तेव्हा सगळ्या शहराला हायसं वाटलं. पण पुन्हा सलग चार पराभव. त्यातला चौथा सॅन होजेकडून. या सॅन होजेने मोसमातल्या पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय पाहिला नव्हता आणि नुकतेच लागोपाठच्या दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाल्ले होते. १२ नोव्हेंबरला कोच जे वुडक्रॉफ्टला काढलं. तेरा सामन्यांत तीन विजय.

आता कारण. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण गोलकीपिंग होतं, बाकीचं त्याच्यानंतर. एका सामन्यात समजा गोलवर ३० शॉट येतात. गोलकीपर ९१ टक्के अडवत असेल तर सरासरी २.७ गोल बसतात. तोच ८७ टक्क्यांवर घसरला तर ३.९. म्हणजे संघाने अगदी तोच खेळ केला तरी प्रत्येक सामन्यात एकाहून जास्त गोलचा खड्डा पडतो. जॅक कॅम्पबेल तेव्हा ८७.३ टक्क्यांवर होता. २०२२ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार झाला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे कुणीही त्याला आहे त्या करारासकट उचलू शकत होतं. कुणीच उचललं नाही, आणि तो खालच्या लीगमध्ये बेकर्सफिल्डला गेला. दुसरा गोलकीपर स्टुअर्ट स्किनर, आमच्याच शहरातला मुलगा, त्याचंही त्या महिन्यात काही जमत नव्हतं.

दुसरं कारण बचावाची बदललेली पद्धत. त्या मोसमात आपल्या गोलसमोर माणसाला माणूस धरण्याऐवजी जागा वाटून घेऊन बचाव करायचं ठरलं होतं. कागदावर ती पद्धत चांगली आहे, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. तेव्हाचे सामने पुन्हा पाहिलेत तर एक गोष्ट वारंवार दिसेल: पक (खेळातली रबरी चकती) गोलच्या मागून समोर येतो, दोन बचावपटू क्षणभर एकमेकांकडे बघतात, हा तुझा की माझा, आणि तेवढ्यात समोरचा खेळाडू गोलपासून काही फुटांवर एकटा मोकळा असतो. तिथून गोलकीपरला दोष देण्यात अर्थ नसतो.

आणि तरीही गोलच्या संधींचा हिशेब मांडला तर ऑइलर्स तेव्हाही वरच्या संघांत होते. म्हणून हताश व्हायचं की नाही हे ठरवताना मी गुणतक्त्याआधी हा हिशेब बघतो. सॅन होजेच्या बाबतीत तो हिशेबही वाईटच होता. ते ४७ गुणांवर, लीगमध्ये तळाला राहिले.

मग कोचला का काढलं? खेळाडूंना काढता येत नाही म्हणून. त्या वर्षी प्रत्येक संघाला पगारावर ८ कोटी ३५ लाख डॉलरची मर्यादा होती आणि ऑइलर्स त्या मर्यादेला टेकलेले होते. कॅम्पबेलला खाली पाठवूनही त्याच्या ५० लाखांपैकी जेमतेम साडेअकरा लाख सुटले. नोव्हेंबरमध्ये मोठी अदलाबदल करायला सहसा कुणी तयार नसतं. कोचचा पगार मात्र त्या मर्यादेत धरतच नाहीत. वुडक्रॉफ्टवर अन्याय झाला असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आदल्याच दिवशी संघ सिएटलमध्ये ४-१ ने जिंकून आला होता, आणि २०२२ मध्ये याच माणसाने अर्ध्या मोसमात संघ हाती घेऊन त्याला कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीच्या एक पायरी अलीकडे, नेलं होतं.

त्याच्या जागी आलेला क्रिस नॉब्लॉक मॅकडेव्हिडचा ज्युनियर लीगमधला (व्यावसायिक होण्याआधीचा) कोच. जादू झाली असं लोक सांगतात, पण नॉब्लॉकचे पहिले दोन सामने जिंकल्यावर संघ पुढचे तीन सलग हरला. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा, नोव्हेंबरअखेरच्या सणाचा, दिवस उजाडला तेव्हा १८ सामन्यांत ११ गुण होते. त्या दिवशी प्लेऑफच्या जागांवर असलेल्या संघांपैकी साधारण तीन चतुर्थांश शेवटी तिथेच राहतात, असा या खेळातला जुना आडाखा आहे. तो खरा ठरण्याचं कारण म्हणजे विजयाला दोन गुण असले तरी जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो, त्यामुळे पुढचे संघ हरतानाही थोडेथोडे पुढे सरकत राहतात आणि अंतर लवकर कापलं जात नाही.

ऑइलर्सनी ते कापलं. उरलेल्या ६४ सामन्यांत ४४ विजय, त्यात डिसेंबर-जानेवारीत सलग १६. लीगचा विक्रम १७ चा आहे. स्किनर सावरला, बचाव घट्ट झाला, झॅक हायमनने ५४ गोल केले, आणि संघ थेट फायनलला पोचला. पुढच्या मोसमातही पहिले तिन्ही सामने हरले, घरच्या मैदानावर विनिपेगकडून ६-० सुद्धा, आणि तरी पुन्हा फायनल गाठली. जूनच्या अखेरीपर्यंत खेळलेल्या संघाला उन्हाळ्यात विश्रांती कमी मिळते, म्हणून त्या दुसऱ्या सुरुवातीचं मला फारसं नवल वाटलं नाही. २०१५ ची मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरून आयपीएल जिंकली, आणि तिथे तर साखळीचे सामने फक्त चौदा असतात. इथे त्या मोसमांत ब्याऐंशी होते.

तेव्हा आशा सोडू नका. पण सुरुवातीच्या हरण्याने काहीच बिघडत नाही असंही कुणी सांगितलं तर मानू नका. २०२४ मध्ये ऑइलर्स १०४ गुणांवर थांबले, व्हँकूव्हर १०९ वर. पहिल्या चार आठवड्यांत त्याच व्हँकूव्हरकडून आपण तीनदा हरलो होतो, म्हणून दुसऱ्या फेरीतला सातवा, निर्णायक सामना त्यांच्या मैदानावर खेळावा लागला, कारण तो गुणांत पुढे असलेल्या संघाच्या घरी होतो. तो ३-२ ने निभावला. फायनलमध्ये फ्लोरिडाचे ११० गुण होते. ०-३ अशा पिछाडीवरून ३-३ केल्यावर सातवा सामना पुन्हा परक्या मैदानावर झाला, आणि तो २-१ ने गेला. सहा गुणांचा फरक. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात याच्या कितीतरी पट गुण आपण घालवले होते.