घरच्या भाज्यांचं बी पुढच्या हंगामासाठी कसं धरावं?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत: कोथरूडच्या गच्चीवर धरलेल्या बियांपासून टोमॅटो भलतेच आले, भेंडीचं बी काळं पडलं आणि वालाला भुंगे लागले. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

टोमॅटोचं कारण बहुधा पाकिटावरच छापलेलं असेल. ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असं लिहिलेलं बी एकदाच लावायचं. त्याच्या फळातलं बी उगवतं, पण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड मूळ झाडासारखं, दुसरं चिंचोक्याएवढी फळं देणारं. मंडईतून आणलेल्या टोमॅटोचंही बहुतेक वेळा हेच होतं. बी धरायचं तर सरळ, म्हणजे संकरित नसलेलं वाण घ्या: टोमॅटोत पुसा रूबी, भेंडीत परभणी क्रांती, मिरचीत पुसा ज्वाला, वांग्यात आपलं मांजरी गोटा.

टोमॅटोचं फळ झाडावरच पूर्ण लाल, थोडं मऊ होऊ द्या. गर आणि बिया काचेच्या ग्लासात काढा, जेमतेम बुडेल इतकं पाणी घाला, वर फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो; तो आंबूनच सुटतो. थंडीत तीन दिवस लागतात, एप्रिलात दीड दिवसही पुरतो. वर पांढरी साय धरली आणि चांगल्या बिया तळाला बसल्या की थांबा, नाहीतर बिया ग्लासातच मोड काढतात. तरंगणाऱ्या पोचट बिया ओतून द्या, उरलेल्या चहाच्या गाळणीत धुऊन ताटलीत पसरा. वर्तमानपत्रावर वाळवू नका, चिकटतात.

भेंडीचं दुखणं पुण्याच्या पावसाचं आहे. जूनमध्ये लावलेल्या भेंडीच्या शेंगा ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन ओलीत वाळायला येतात आणि आत बुरशी धरते. म्हणून बियांसाठीची भेंडी फेब्रुवारीत लावा. शेंगा मेमध्ये कडकडीत वाळतात. एक निरोगी झाड पहिल्यापासूनच त्यासाठी राखून ठेवा, कारण शेंगा जून होऊ दिल्या की झाड नव्या शेंगा धरायचं कमी करतं. हळद्या (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग) दिसलेलं झाड निवडू नका. शेंग तपकिरी होऊन शिरांवर तडकायला लागली की काढा. त्याआधीच दोरा गुंडाळून ठेवला तर बी गच्चीभर सांडत नाही.

मिरचीच्या शेजारी ढोबळी असेल तर मधमाश्या दोघींची सरमिसळ करतात आणि पुढच्या वर्षी ढोबळी तिखट निघू शकते. कळ्या उमलायच्या आधी एका फांदीला मलमलची पिशवी बांधा, फुलं आली की रोज फांदी हलकेच हलवा, फळं धरली की पिशवी काढून त्या फांदीला खुणेचा दोरा बांधा.

दुधीत मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नराला नुसता देठ. त्या संध्याकाळी उमलणाऱ्या नर-मादी कळ्या दुपारीच दोऱ्यानं बांधा. अंधार पडता पडता नराच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीच्या टोकावर चोळा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. फळ वेलावरच वाळून आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या: घरच्या बियांपासून आलेला दुधी चाखताना कडू लागला तर तो खाऊ नका, रस तर मुळीच पिऊ नका, विषबाधा होते. त्या वेलाचं बीही धरू नका.

वालाचे भुंगे बहुतेक वेळा डब्यात बाहेरून शिरत नाहीत. झाडावरच्या शेंगेवर घातलेल्या अंड्यांतून ते दाण्यासोबत घरात येतात. म्हणून दाणे खडखडीत वाळवून, हवाबंद डब्यात चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. ओलसर दाणे मात्र फ्रीझरमध्ये मरतात. वाल दातानं दाबल्यावर खूण उमटली तर तो अजून ओला आहे.

वाळवण सावलीत, पंख्याखाली करा. मेच्या उन्हात स्टीलच्या ताटात बी भाजून निघतं. सगळं बी पाऊस लागायच्या आत बंद झालं पाहिजे, कारण पुण्यात ते उन्हाळ्यापेक्षा चातुर्मासातल्या दमटपणानं जास्त मरतं. कागदी पुड्यांवर वाण आणि महिना-वर्ष लिहा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बियांच्या वजनाइतकं सिलिका जेल घाला, नसेल तर कोरडे भाजून बंद डब्यात गार केलेले तांदूळ पाव बरणी घाला, वर पुड्या ठेवा. बरणी फ्रिजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर थंड बियांवर दव धरतं. असं ठेवलेलं टोमॅटो-वांग्याचं बी चार वर्षं चालतं, मिरची-भेंडीचं दोन, कांद्याचं जेमतेम एक.

पेरणीआधी २० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, सैल झाकलेल्या डब्यात दहा दिवस ठेवा. १४ किंवा जास्त उगवल्या तर बिनधास्त लावा. १० ते १३ उगवल्या तर एका जागी दोन-तीन टोका. त्याहून कमी असतील तर कुंडी अडवण्यापेक्षा नवं बी आणलेलं बरं.