पहिली फिक्सी ऑनलाइन घेताना: ५३ की ५६?

तुमची अडचण मला समजली ती अशी. पहिली फिक्सी घ्यायचीय, म्हणजे 'फिक्स्ड' सायकल: एकच गिअर आणि मागचं चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरणार. उंची १७१ सेंटीमीटर, इनसीम (जांघेपासून तळव्यापर्यंत पायाची आतली लांबी) ३० इंच, बजेट बेताचं. ऑफिस नऊ किलोमीटरवर, वाटेत एक उड्डाणपूल. दोन सायकली हेरून ठेवल्यात, एक ५३ साइजची आणि दुसरी ५६ ची (हे आकडे सीटखालच्या उभ्या नळीच्या, म्हणजे सीट ट्यूबच्या, लांबीचे, सेंटीमीटरमध्ये). दोन्हींच्या साइज चार्टमध्ये तुमची उंची बसते, ५६ वाली जरा स्वस्त आहे आणि दिसतेही झकास. मग कुठली घ्यायची?

५६ सोडून द्या. का ते सांगतो, पण त्याआधी एक शंका: ते ३० इंच तुम्ही पँटच्या लेबलवरून घेतलंय ना? पँटचं माप सायकलला चालत नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मधे धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं ते वर दाबा. इथे लाजून हलकं धरणारेच चुकतात. पुस्तकाची वरची कड जिथे भिंतीला टेकते तिथे पेन्सिलने खूण करा आणि जमिनीपासून अंतर मोजा. तीनदा मोजा, सरासरी घ्या. हा आकडा पँटच्या मापापेक्षा सहसा तीन ते पाच सेंटीमीटरने जास्त येतो. तुमचा ७९ येईल असं धरून चालू.

७९ ला ०.८८३ ने गुणलं की ६९.८. क्रँकच्या (पॅडल ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) आसाच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची, हा सुरुवातीचा अंदाज. ग्रेग लेमाँड या शर्यतपटूमुळे हा गुणक गाजला. फिक्स्डवर मी त्यातून पाचसहा मिलिमीटर कमीच करतो, कारण उतारावर पाय भन्नाट फिरायला लागले आणि सीट जराही उंच असली की कंबर सीटवर डावी-उजवीकडे घसरू लागते. फ्रेमसाठी ७९ ला ०.६६ ने गुणा, ५२ च्या आसपास येतं. हा हिशोब वरचा दांडा आडवा असलेल्या जुन्या पद्धतीच्या फ्रेमचा, आणि स्वस्तातल्या फिक्सी बहुतेक तशाच असतात.

आता तुम्ही दिलेला तक्ता बघा. ५६ च्या सायकलचा स्टँडओव्हर, म्हणजे जमिनीपासून वरच्या दांड्यापर्यंतची उंची, ८०.५. तुमचा इनसीम ७९. सोलमुळे दोन सेंटीमीटर मिळतील, म्हणजे दांडा अंगाला टेकलेलाच. ५३ चा स्टँडओव्हर ७८, म्हणजे बूट धरून तीनेक सेंटीमीटर मोकळे. साध्या सायकलवर एखाद्याने कमी जागेत भागवलं तर मी फार बोलत नाही. फिक्स्डवर मात्र बोलतो. तिथे मागचं चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतंच. सिग्नलला थांबताना अंदाज चुकला, एक पाय खाली आला आणि सायकल अजून अर्धा फूट पुढे सरकली, तर दुसऱ्या पायाखालचं पॅडल तुम्हाला वर उचलतं आणि दांड्यावर आणून टाकतं. एकदा झालं की पुन्हा सांगावं लागत नाही.

तरी ५३ हा आकडाही आंधळेपणाने घेऊ नका. कुणी सीट ट्यूब क्रँकच्या मध्यापासून नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजतं, कुणी वरच्या दांड्याच्या मध्यापर्यंत. एकाची ५३ ती दुसऱ्याची साडेएक्कावन्न असू शकते. चार्टमधल्या उंचीवर तर माझा विश्वासच नाही. १७१ उंचीची दोन माणसं शेजारी उभी करा, एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. दोघांना एकच फ्रेम कशी बसेल?

याची किंमत मी मोजली आहे. माझी पहिली फिक्सी मी नुसता उंचीचा चार्ट बघून घेतली. दोन साइजच्या सीमेवर होतो, वाटलं मोठी घ्यावी, लहान मुलांच्या कपड्यांसारखा विचार! सीट पूर्ण खाली, जेमतेम दोन बोटं सीटपोस्ट बाहेर. त्याने उंची जमली, पण हँडल लांब ते लांबच. सीट पुढे सरकवली तर गुडघे कुरकुरायला लागले. स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) बदलून छोटा टाकला तर हँडल उडाणटप्पू झालं. दीड वर्ष अर्ध्या तासाने तळहात बधिर व्हायचे आणि मी ग्लोव्हज बदलत बसलो. शेवटी फ्रेमच विकली. सीट, स्टेम, हँडल, टायर, कॉग (मागच्या चाकाचं दातेरी चक्र), सगळं पुढे थोडं थोडं करून बदलता येतं. फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. स्वस्त सायकलमध्ये तर ते अजिबात परवडत नाही.

म्हणून स्टँडओव्हरनंतर लगेच बघायचा आकडा म्हणजे टॉप ट्यूब, वरच्या दांड्याची लांबी. दांडा उतरता असेल तर त्याची 'इफेक्टिव्ह' म्हणजे आडवी धरलेली लांबी. तुमच्या ५३ ला ती ५४ आहे, ५६ ला ५६. हा दोन सेंटीमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, खांद्यांना तो पहिल्याच आठवड्यात कळतो. घरात कुठलीही सध्या अंगाला बसलेली सायकल असेल, मित्राची का असेना, तर सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्याच्याशी ताडून बघा. चार्टपेक्षा हे शंभर पटींनी भरवशाचं. एक खाच मात्र आहे. फिक्सीची सीट ट्यूब पुष्कळदा ताठ असते, ७३ ऐवजी ७४-७५ अंश. सीट ७० सेंटीमीटर उंचीवर असताना एका अंशाने ती साधारण १२ मिलिमीटर पुढे येते. नेहमीच्या जागी बसायला तुम्ही ती मागे ढकलता आणि तक्त्यात आखूड वाटलेली सायकल प्रत्यक्षात लांब निघते. तक्त्यात 'रीच' (क्रँकच्या आसापासून फ्रेमच्या हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) दिला असेल तर तो बघा, त्यात ही गडबड नसते.

५३ मध्ये एक गोष्ट तपासून घ्या: वळताना पुढचं टायर बुटाच्या टोकाला लागतं का. छोट्या फ्रेमवर मोठी चाकं असली की हे होतंच. क्रँकच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण ५९ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते लागणार असं गृहीतच धरा. वेगात कधीच लागत नाही, कारण तेव्हा हँडल एवढं वळतच नाही. हळू वेगात गर्दीत वळताना लागतं, आणि फिक्स्डवर पाय थांबवून मागे घ्यायची सोय नाही. सवय होते, पण आधी माहीत असलेलं बरं. यासाठी आणि वळणावर पॅडल जमिनीला घासू नये म्हणूनही क्रँक १६५ मिलिमीटरची मिळाली तर १७० पेक्षा ती घ्या.

साइज झाली. आता ज्या एका गोष्टीवर मी अडून बसेन ती म्हणजे मागचा हब, चाकाचा मधला तुंबा. 'फिक्सी' नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक सायकली फिक्स्ड नसतातच, साध्या सिंगल स्पीड असतात, फ्रीव्हील लावलेल्या, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. नुसतं रूप फिक्सीचं. हबला दोन बाजू असतात त्या 'फ्लिप-फ्लॉप'मध्ये एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड कॉग. फिक्स्ड बाजूचे आटे दोन पायऱ्यांचे दिसायला हवेत: आतली मोठी पायरी कॉगसाठी, सरळ आट्यांची; बाहेरची लहान पायरी लॉकरिंगसाठी (कॉगला बाहेरून आवळणाऱ्या रिंगसाठी), उलट्या आट्यांची. तुम्ही पॅडल मागे दाबता तेव्हा कॉग सुटू बघतो आणि ही उलट्या आट्यांची रिंग त्याला अडवते. विक्रेत्याकडे त्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागा. दोन पायऱ्या दिसल्या नाहीत तर तो फ्रीव्हीलचाच हब आहे, त्यावर कॉगही बसतो कारण मोठ्या पायरीचे आटे सारखेच असतात. पण मग जोरात मागे दाबल्यावर कॉग सुटतो आणि मागून थांबवण्याची ताकद क्षणात जाते. गोंद लावून भागतं म्हणणारे भेटतील, ऐकू नका. फ्लिप-फ्लॉप घेतलात तर पहिला महिना फ्रीव्हीलवर चालवा, दोन ब्रेक लावून. मग चाक उलटं करा.

गिअर तुमच्या ५३ वालीला ४६/१६ आहे. पुढे ४६ दाते, मागे १६, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक २.८७५ वेळा फिरतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेरीत सहा मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेबत्तीस. सपाटीवर मस्त. उड्डाणपूल चढताना, सिग्नलवरून उठताना मात्र गुडघ्यांचं तेल निघेल. मी तुम्हाला १८ चा कॉग घ्यायला सांगेन: ४६/१८, एका फेरीत ५.४ मीटर. त्याचा तोटा उतारावर. ताशी ४० ला १६ च्या कॉगवर मिनिटाला ११० फेऱ्या होतात, १८ वर १२४. म्हणजे पूल उतरताना ब्रेक वापरायचा, एवढंच. दोन दाते वाढले की चाक सहाएक मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा असली तर चेनही तीच चालते. बेल्जियमचा शर्यतपटू एडी मेर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम केला तेव्हा ५२/१४ लावलं होतं आणि तो ४९.४३१ किलोमीटर गेला. त्याच्या वाटेत सिग्नल नव्हते.

चाक लॉक करून घसरत थांबायची हौस पुढे येईलच, म्हणून एक गंमत. ४८/१६ कधी घेऊ नका. गुणोत्तर बरोबर ३, म्हणजे तोच पाय पुढे ठेवून घसरलात तर दर वेळी टायरचा तोच एक भाग रस्त्यावर घासणार आणि काही दिवसांत तिथे कापड दिसणार. ४६/१६ मध्ये असे आठ वेगळे भाग मिळतात, ४६/१७ मध्ये सतरा.

पुढचा ब्रेक हवाच, यावर चर्चा नको. थांबताना वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे पायांनी कितीही रोखलं तरी थांबायला अंतर जास्त लागतं. ब्रिटनमध्ये तर १९८३ च्या नियमांनुसार फिक्स्ड सायकलला पुढच्या चाकावर ब्रेक सक्तीचा आहे. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) ब्रेकसाठी भोक आहे का ते फोटोत बघा, काही स्वस्त फोर्कना नसतं. आणि ५६ वालीच्या ज्या रंगीत, खोल रिमवर तुमचा जीव जडलाय, तिच्या कडा फोटोत नीट पाहा. ब्रेकची रबरं जिथे घासतात तिथे चांदीसारखी कातलेली पट्टी नाही, सगळीकडे रंग आहे. पावसात त्या रंगावर रबर साबणासारखं सरकतं, महिनाभरात रंग पोपडे धरून निघतो. वर ती रिम जड, शिवाय ट्यूबला लांब नळीचा व्हॉल्व्ह लागतो.

फ्रेम हाय-टेन स्टीलची, म्हणजे साध्या स्वस्त पोलादाची, आहे म्हणून तुम्ही नाराज दिसता. होऊ नका. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) जास्त मजबूत असतं म्हणून नळी पातळ करता येते आणि वजन वाचतं. दोन्ही पोलादच, ताठपणाचा गुण सारखा. नऊ किलोमीटरला काही बिघडत नाही. पैसे वाचलेच तर चांगली टायरं घ्या, २८ मिलिमीटरची, फ्रेममध्ये मावत असतील तर. आणि पॅडलवर पाय धरून ठेवणारे पट्टे. पट्ट्यांशिवाय पाय निसटला की पॅडल पोटरीवर येऊन आदळतं.

खोकं आल्यावर घाई करू नका. फोर्क उलटा बसवलेल्या सायकली मी डोळ्यांनी पाहिल्यात, पुढचा ब्रेक मागे तोंड करून! फोर्कची टोकं पुढे झुकलेली हवीत. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, जोर करून सरळ फिरवलंत तर क्रँकचे आटे गेलेच. हबचे कोन (बेअरिंग दाबून धरणारे नट) कारखान्यातून बरेचदा आवळून येतात. चाक हातात घेऊन ॲक्सल फिरवा, खरखर लागली तर थोडे सैल करून ग्रीस भरून घ्या. कॉग काढून त्याच्या आट्यांनाही ग्रीस लावा. चेन मधोमध दाबल्यावर वर-खाली मिळून अर्धा इंच हलायला हवी, आणि हे क्रँक पूर्ण फिरवत चारपाच जागी बघा, कारण स्वस्त चेनरिंग (पुढची दातेरी चक्रं) क्वचितच अगदी गोल असतात. एका जागी सैल, दुसऱ्या जागी तंग लागली तर तंग जागेवरून माप धरा.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट आणि लॉकरिंग पुन्हा आवळा. लॉकरिंगला हुकचा पाना लागतो, तो सायकलबरोबर येत नाही, आत्ताच मागवून ठेवा. आणि भिंतीवरची ती पेन्सिलची खूण आधी मोजा. आकडा ७७ च्या खाली आला तर ५३ पण मोठी पडेल, मग वेगळी सायकल शोधू.