भिंतीवर त्यांचं नाव नसेल

कळवा, ठाणे

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 16 डिसेंबरला दिल्लीला जायचं, राष्ट्रीय समर स्मारकावर आजोबांचं नाव शोधायचं आणि फोटो काढून आजीला दाखवायचा, असा तुझा बेत आहे. तिकीट काढण्याआधी ऐक. तिथे त्यांचं नाव नाही. तिथल्या त्यागचक्राच्या गोल भिंतींवर ग्रॅनाइटच्या फरश्यांत पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, ती स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची. तुझे आजोबा परत आले. पेन्शनीत निघाल्यावर वागळे इस्टेटमध्ये कंपनीच्या गेटवर नाइट ड्यूटी केली आणि घरच्या कॉटवर गेले. अशा माणसाचं नाव कोणी कोरत नाही. कंपनीतली पोरं तर त्यांना 'वॉचमन काका' म्हणूनच ओळखायची.

तरीही जा. पण जाताना त्यांच्याबरोबर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांची नावं घेऊन जा. आजोबांसाठी काही करायचंच असेल तर ते हेच. त्यासाठी आधी त्यांची पलटण पक्की कळायला हवी. नुसतं 'बांगलादेशच्या लढाईत होते' एवढ्यावर भागायचं नाही.

माळ्यावरची काळी ट्रंक उतरव. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं असतं. रंग उडाला असेल तर बाजूने टॉर्च मारून बघ. मग मेडल्स. कडेला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव सापडेल. 'पूर्वी स्टार' असेल तर ते पूर्वेच्या आघाडीवर होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेच्या. 'संग्राम मेडल' बघून मात्र आघाडी ठरवू नकोस, ते दोन्हीकडच्यांना मिळालं. आणि आजीने जुनी पत्रं जपली असतील तर काय विचारता! लष्करी पत्त्यात ठिकाण नसतं. पलटणीचं नाव आणि खाली '56 एपीओ' नाहीतर '99 एपीओ' (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) एवढंच. 99 असेल तर टपाल कलकत्त्याहून पूर्वेकडे जायचं. आजी रागावेल, आमची पत्रं कशाला वाचतेस म्हणून. तिला म्हण, पत्ता तेवढा दाखव, आतलं वाचत नाही.

आजी म्हणते तसे ते खरंच पहिल्या मराठ्यात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत असतील, तर तुला जमालपूर माहीत हवं. डिसेंबर 1971 मध्ये आपली 95 माउंटन ब्रिगेड मेघालयातून खाली उतरली. ढाक्याच्या वाटेवर जमालपूरचं ठाणं होतं, तिथे पाकिस्तानची 31 बलुच पलटण. पहिली मराठा ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला गेली आणि ढाक्याचा रस्ता अडवून बसली. आपल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर पलीकडचे कर्नल सुलतान यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री ती फौज ठाणं सोडून ढाक्याकडे निघाली आणि नेमकी मराठ्यांच्या मोर्चावर येऊन आदळली. सकाळी जमालपूर पडलं. त्याच 11 तारखेला टांगाइलला छत्रीने उतरलेली 2 पॅरा पलटण, तीही मूळची तिसरी मराठाच. त्या रात्री आजोबा कुठे होते, हे तुला शोधायचंय.

आता एक कडक सूचना. उत्तर साधं निघालं तर साधंच ठेव. पलटणीत सगळेच मशीनगनवर नसतात. कोणी लंगरात भाकरी करतो, कोणी स्ट्रेचर उचलतो, कोणी वायरलेसचा सेट पाठीवर घेऊन चिखल तुडवतो. आमच्याकडे माणूस वारला की पुढच्या दहा वर्षांत नातवंडं त्याला पदक देऊन मोकळी होतात. ते मला सहन होत नाही. आजोबा लंगरात होते असं कळलं तर ठणकावून सांग, लंगरात होते. रात्रभर गोळ्या झाडलेल्यांना सकाळी चहा कोणी दिला असेल?

दिल्लीबद्दल थोडं. 16 डिसेंबरचा हट्ट सोड. विजय दिवसाला तिथे मोठ्या लोकांची पुष्पचक्रं, बंदोबस्त, धावपळ. आधी नाहीतर नंतर जा, आणि दुपार टळल्यावर जा. संध्याकाळी तिथे एखाद्या शहिदाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात, ते चुकवू नकोस. पलटणीची नावं स्मारकाच्या वेबसाइटवर आधीच शोधून वहीत उतरव, नाहीतर एवढ्या भिंतींत फिरून पाय दुखतील आणि हाती सेल्फी लागेल. नाव सापडलं की नीट उभी राहा आणि मोठ्याने वाच. लाजू नकोस.

दिल्लीआधी एखादा रविवार साताऱ्याला दे. ठाण्याहून एसटी आहे. आपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धात तिथली 46 माणसं गेली, त्यांची आठवण गावात जपलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणाऱ्या गावात परत आलेल्या माणसाची काय किंमत असते, ते तिथल्या बायकांशी बोललीस की कळेल. पारावरचे पेन्शनर बोलतीलच, त्यांना विचारावं लागत नाही.

पत्रांत, ट्रंकेत काहीच नाही सापडलं तर आजीच्या फॅमिली पेन्शनच्या कागदावर, पीपीओवर, आजोबांचा नंबर असतोच. त्या नंबरावर बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. अर्ज आजीच्या नावाने कर, नातीच्या नावाने केलास तर फाटे फुटतील. ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातूनही मदत मिळते. मजकूर मी सांगतो. रविवारी पीपीओची झेरॉक्स घेऊन ये, आणि येताना आजीलाही आण. तिला जिना चढवत नसेल तर फोन कर, मी येतो.

तुझा,
सुभेदार काका